रंगाचं नाव घ्यायला वेळ का लागतो? घरी, शाळेत, कॉलेजात करून बघायचा प्रयोग

शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात रंग आणि शब्दांच्या भांडणाचा तक्ता हमखास असतो. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' गुलाबी शाईत. येणाऱ्याला सांगायचं, शब्द वाचू नका, शाईचा रंग सांगा. माणूस अडखळतो, हसतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. मुलं खूश, परीक्षक खूश.

मला या मांडणीत एक गोष्ट खटकते. ती अर्धाच प्रश्न विचारते. उलटा शब्द मध्ये आला की रंग सांगणं जड जातं, हे खरंच आहे. पण शब्द अजिबात नसला, समोर नुसते रंगाचे ठिपके असले, तरी त्यांची नावं घ्यायला तेवढेच शब्द वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे निरीक्षण भांडणाच्या तक्त्यापेक्षा जवळजवळ पन्नास वर्षं जुनं आहे आणि माझ्या मते जास्त गमतीचंही. म्हणून इथे दिलेल्या प्रयोगात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजता येतील अशी रचना केली आहे. आठवीच्या पुढची मुलं, बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेले विद्यार्थी आणि त्यांच्यामागे धावणारे शिक्षक, सगळ्यांना तो झेपेल. लागणारं सामान म्हणजे कागद, चार रंग, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि वेळ मोजणारा व चुका टिपणारा अशी दोन माणसं.

आधी दोन जुने प्रयोग

जेम्स मॅकीन कॅटेल हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. वस्तू, चित्रं, रंग, अक्षरं, शब्द दाखवायचे आणि नाव तोंडातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं, हा त्यांचा उद्योग. १८८६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. रंग आणि चित्रांची नावं घ्यायला शब्द वाचण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागत होता. त्यांचं स्पष्टीकरण असं: शब्द आणि त्याचा उच्चार यांची जोडी आपण इतक्या वेळा लावलेली असते की ती आपोआप लागते, रंगाच्या बाबतीत नाव मुद्दाम निवडावं लागतं.

१९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या जॉर्ज पीबॉडी कॉलेजमध्ये डॉक्टरेटसाठी केलेलं काम प्रसिद्ध केलं. (उलट्या शब्दाच्या अडथळ्याला आज 'स्ट्रूप परिणाम' म्हणतात तो यांच्याच नावावरून. पुढे या गृहस्थांनी मानसशास्त्रापेक्षा बायबल शिकवण्यातच जास्त आयुष्य घालवलं, आपल्या नावाचा एवढा बोलबाला होईल याची त्यांना कल्पनाही नसावी.) त्यांच्या तक्त्यावर १०० शब्द किंवा १०० चौकोन असत. काळ्या शाईतले रंगांचे शब्द वाचायला विद्यार्थ्यांना सरासरी ४१ सेकंद लागले. तेच शब्द उलट्यापालट्या शाईत छापले तरी ते वाचायला ४३.३ सेकंद, म्हणजे फारसा फरक नाही. नुसत्या रंगीत चौकोनांची नावं सांगायला ६३.३ सेकंद. आणि उलट्या शब्दांच्या शाईचा रंग सांगायला ११०.३ सेकंद.

सगळे जण ११०.३ कडे बोट दाखवतात. तुम्ही ४१ आणि ६३.३ कडेही बघा. तिथे शब्दाचा अडथळा नाही, भांडण नाही, तरी शंभर रंगांमागे वीस-बावीस सेकंद जास्त. यात एक मेख मात्र आहे. स्ट्रूप यांनी हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रयोगांत, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांवर घेतले होते. आपण मात्र एकाच माणसाकडून सगळं करून घेणार आहोत, त्यामुळे आपली तुलना या बाबतीत जास्त सरळ होईल.

पायरी १: रंग निवडणं

ही पायरी क्षुल्लक वाटते आणि नेमके इथेच प्रयोग बिघडतात. रंगाला सगळ्यांच्या तोंडी एकच नाव हवं. नागपूरकरांना पहिला मोह संत्र्याच्या रंगाचा होणार, पण तो घेऊ नका. त्याला कुणी नारिंगी म्हणतं, कुणी केशरी, कुणी भगवा, कुणी संत्री, आणि मेट्रोने सीताबर्डीला उतरणारी पोरं सरळ 'ऑरेंज' म्हणतात. एका रंगाला चार नावं असली की माणूस कोणतं घ्यायचं यावर अडकतो आणि तुमचं घड्याळ ती अडकण मोजत बसतं. तपकिरीचं तेच, निम्मी मुलं 'चॉकलेटी' म्हणणार. जांभळा निळ्याच्या फार जवळ जातो. पिवळ्या शाईतला शब्द पांढऱ्या कागदावर धड दिसत नाही; स्ट्रूप यांच्या पाच रंगांतही पिवळा नव्हता. काळा चालणार नाही, कारण नुसत्या वाचनाचा तक्ता काळ्या शाईतच करायचा आहे.

उरले लाल, निळा, हिरवा आणि गुलाबी. गुलाबीची छटा मध्यम ठेवा. फार फिकी असेल तर दिसणार नाही आणि गडद झाली की कुणीतरी 'राणी' म्हणेल.

रंगांची रूपंही आधीच ठरवा: लाल, निळा, हिरवा, गुलाबी. 'निळी', 'हिरवं' असं कुणी म्हटलं तर चूक धरायची नाही, पण सूचना देताना तुम्ही स्वतः हीच रूपं वापरा. 'लाल' हा शब्द उच्चारायला इतरांपेक्षा छोटा आहे. त्याची काळजी नको, कारण प्रत्येक तक्त्यावर तो तितक्याच वेळा येणार आहे.

पायरी २: तक्ते तयार करणं

तक्ते तीन, कामं चार. प्रत्येक तक्त्यावर सहा ओळी आणि ओळीत सहा घरं, म्हणजे ३६ नग. छत्तीसच का, ते पुढे येतंच.

पहिला तक्ता काळ्या शाईतले रंगांचे शब्द. हे काम 'क': शब्द वाचणं.

दुसरा तक्ता रंगीत पट्ट्या. हे काम 'ख': रंगाचं नाव सांगणं. पट्टी साधारण शब्दाएवढीच रुंद आणि बारीक ठेवा. एका बाजूला भलामोठा चौकोन आणि दुसऱ्या बाजूला बारीक शब्द असेल तर ती तुलना बरोबरीची राहत नाही.

तिसरा तक्ता भांडणाचा: रंगाचा शब्द, पण शाई दुसऱ्याच रंगाची. यावर दोन कामं. 'ग' म्हणजे शाईकडे दुर्लक्ष करून शब्द वाचणं आणि 'घ' म्हणजे शब्दाकडे दुर्लक्ष करून शाईचा रंग सांगणं.

भांडणाचा तक्ता जमवायला थोडी मेहनत आहे. चार शब्द आणि प्रत्येकाला न जुळणाऱ्या तीन शाया म्हणजे बारा जोड्या होतात. प्रत्येक जोडी तीनदा घेतली की छत्तीस. मग प्रत्येक शब्द नऊ वेळा येतो, प्रत्येक शाईही नऊ वेळा आणि कुणाला झुकतं माप मिळत नाही. छत्तीस चिठ्ठ्या करा, मिसळा, मांडा आणि मग दोन गोष्टी तपासा. पहिली, लागोपाठ दोन घरांत तोच शब्द किंवा तीच शाई नको. दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एका घरातला शब्द आणि लगेच पुढच्या घरातली शाई एकाच रंगाची नको. आता ज्या शब्दाला दाबून टाकलं, तेच नाव पुढच्या क्षणी उच्चारायची वेळ आली की माणूस आणखी मंदावतो. डॅलरिंपल-आल्फर्ड आणि बुडायर यांनी १९६६ सालीच हे दाखवलं. तुमच्या तक्त्यावर असे योग खूप आले तर 'घ'चा वेळ उगाच फुगेल.

नमुन्याची एक ओळ देतो: 'लाल' हिरव्या शाईत, 'निळा' गुलाबीत, 'हिरवा' लालमध्ये, 'गुलाबी' निळ्यात, 'निळा' हिरव्यात, 'लाल' गुलाबीत. दोन्ही नियम यात पाळलेले आहेत, तपासून बघा. उरलेल्या पाच ओळी याच रीतीने जुळवा. शेवटी दोन-चार चिठ्ठ्या बसत नाहीत आणि वैताग येतो. मग सगळं मोडून नव्याने मांडण्यापेक्षा वरच्या ओळींतल्या चिठ्ठ्या अदलाबदल करून बघा.

पहिल्या दोन तक्त्यांवरही लागोपाठ तोच रंग येऊ देऊ नका.

स्केचपेनने हाताने लिहिलं तरी चालतं, पण अक्षर एकसारखं राहत नाही. कॉम्प्युटरवर जाड, ठसठशीत देवनागरी टंक घ्या, आकार २८ पॉइंटच्या आसपास, आणि कुठल्याही कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून कलर प्रिंट काढा. बारीक टंकात शाईच कमी दिसते आणि रंग ओळखणंच अवघड होतं. प्रिंट हातात आली की ती दिवसाउजेडी बघा. दुकानातल्या दिव्याखाली वेगळे वाटणारे लाल आणि गुलाबी घरी आल्यावर जवळजवळ सारखे निघू शकतात.

पायरी ३: माणसं

मराठी न अडखळता वाचणारी माणसं हवीत. अजून अक्षरं जुळवून वाचणारं मूल नको. त्याची गंमत वेगळी आहे, ती पुढे. परिणाम इतका ठळक असतो की वीसेक माणसं पुरतात. प्रत्येकाला आधी चारही रंगांच्या पट्ट्या दाखवून नावं विचारा. जो तिथेच गोंधळेल, त्याला या प्रयोगात घेऊ नका. लाल-हिरव्याची गल्लत करणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या आजूबाजूला असतात आणि कित्येकांना ते माहीतही नसतं. अशा वेळी चारचौघांत काही बोलू नका.

मुलांसाठी पालकांची परवानगी घ्या. आणि आईवडील "मग आमचा हुशार आहे ना?" असं विचारतीलच. ही बुद्धीची चाचणी नाही, हे आधीच सांगून टाका. दवाखान्यात मेंदूविकाराच्या तपासणीत अशा चाचण्या वापरतात हे खरं, पण त्या प्रमाणित असतात आणि त्यांचा अर्थ लावायला प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. आपल्या टेबलावर कुणाचं निदान होत नाही.

पायरी ४: प्रत्यक्ष प्रयोग

जागा शांत हवी. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता कूलरच्या घरघरीत, घामेजलेल्या माणसाकडून सेकंदांचा हिशेब घेण्यात अर्थ नाही. सकाळची वेळ ठेवा. चष्मा असेल तर लावायला सांगा. तक्ता उपडा ठेवा, "सुरू" म्हणत सुलटा करा आणि त्याच क्षणी घड्याळ चालू करा. शेवटचा शब्द संपला की बंद.

सूचना प्रत्येकाला एकाच शब्दांत द्या. कागदावर लिहून ठेवा आणि वाचूनच दाखवा. उदाहरणार्थ 'घ'साठी: "वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे जायचं. शब्द काय लिहिलाय ते सोडून द्या, शाईचा रंग मोठ्याने सांगा. जमेल तितक्या लवकर, पण बरोबर. चुकलात तर लगेच दुरुस्त करा आणि पुढे चला." प्रत्येक कामाआधी सहा घरांची एक वेगळी सराव-ओळ द्या. सराव दिला नाही तर पहिलं काम विनाकारण संथ येतं.

त्यावरून कामांच्या क्रमाचा मुद्दा येतो. सगळ्यांकडून क, ख, ग, घ याच क्रमाने करून घेतलं तर शेवटी येणारं काम थकव्यामुळे रेंगाळलं की सरावामुळे सुधारलं, हे सांगता येणार नाही. चार क्रम ठेवा: क-ख-घ-ग, ख-ग-क-घ, ग-घ-ख-क, घ-क-ग-ख. पहिल्या माणसाला पहिला, दुसऱ्याला दुसरा, पाचव्याला पुन्हा पहिला. या मांडणीत प्रत्येक काम प्रत्येक जागी एकदा येतं आणि प्रत्येक कामाच्या लगेच आधी बाकीची तिन्ही कामं एकेकदा येतात. परीक्षकांना हा तपशील सांगितलात तर त्यांचा चेहरा बदलतो.

दुसऱ्या माणसाच्या हातात उत्तरांचा कागद हवा. चुकीचं नाव, अर्धवट बोलून बदललेलं नाव ('ला... हिरवा') आणि सोडलेलं घर यांची वेगवेगळी खूण ठेवा. 'घ'मध्ये ही अर्धवट नावं बघण्यासारखी असतात. बहुतेक वेळा तोंडातून निसटतो तो छापलेला शब्द, भलताच कुठला रंग नाही.

लबाडीवर नजर ठेवा. काही हुशार मंडळी डोळे किलकिले करतात, म्हणजे शब्द धूसर होतो आणि रंग उरतो. काही जण शब्दाच्या शेवटच्या काना-वेलांटीवरच नजर रोखतात. हे लक्षात आलं तर टिपून ठेवा आणि तो डेटा बाजूला काढा. पण त्या माणसाला थोडा वेळ बोलतं करा. वाचायचं नाही असं ठरवूनही वाचणं थांबत नाही, म्हणून डोळ्यांनाच फसवावं लागलं, ही त्याने स्वतः शोधलेली गोष्ट असते.

पायरी ५: हिशेब

प्रत्येक माणसाचे चार वेळ. समजा (हे आकडे फक्त हिशेब दाखवायला) एकीला 'क'ला १५ सेकंद, 'ख'ला २२, 'ग'ला १६ आणि 'घ'ला ३६ सेकंद लागले. तीन वजाबाक्या करायच्या.

ख वजा क म्हणजे ७ सेकंद. ३६ने भागलं की दर नगामागे सुमारे ०.१९ सेकंद. ही रंगाचं नाव शोधण्याची किंमत. बहुतेक तक्त्यांवरून गायब असलेला आकडा तो हाच.

घ वजा ख म्हणजे १४ सेकंद, दर नगामागे सुमारे ०.३९. ही उलट्या शब्दाच्या अडथळ्याची किंमत.

ग वजा क म्हणजे १ सेकंद. शाईने वाचनाला केलेला अडथळा. हा नगण्य किंवा शून्याच्या आसपास आला तर घाबरू नका, तसाच यायला हवा.

वीस जणांची सरासरी काढण्याआधी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडाही बघा. एखाद्याला मध्येच खोकला आला की सरासरी हलते, मधला आकडा हलत नाही. सगळ्यात साधा पुरावा मात्र मोजणीचा: वीसपैकी किती जणांना 'ख'ला 'क'पेक्षा जास्त वेळ लागला? नाणं उडवल्यासारखा प्रकार असता तर दहाच्या आसपास निघाले असते.

चुका वेळेत मिसळू नका, त्यांचा वेगळा रकाना ठेवा. घाईने बोलून दहा चुका करणारा आणि सावकाश बिनचूक बोलणारा, या दोघांचे सेकंद एकमेकांशी तोलता येत नाहीत.

पायरी ६: असं का होतं?

पहिलं उत्तर कॅटेल यांचंच: सराव. आपण शब्द दिवसभर वाचतो, दुकानांच्या पाट्या, बसवरचे बोर्ड, मोबाइल. रंग दिवसभर दिसतात, पण त्यांची नावं मोठ्याने कोण घेतं? उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. वॉर्नर ब्राउन यांनी १९१५ साली लोकांकडून रंग सांगण्याचा आणि शब्द वाचण्याचा दोन्हींचा सराव करून घेतला. वेग वाढला, पण दोन्हींमधलं अंतर काही मिटलं नाही. प्रश्न नुसत्या सरावाचा असता तर ते मिटायच्या दिशेने जायला हवं होतं.

दुसरं उत्तर रस्त्याचं आहे. 'टिरगुळा' हा शब्द वाचा. याचा अर्थ काहीही नाही, मी आत्ताच जुळवला, तरी तुम्ही तो बिनदिक्कत उच्चारलात. अक्षरांतून उच्चाराकडे जायला अर्थाच्या दारातून जावंच लागतं असं नाही. रंगाच्या पट्टीत उच्चाराची कुठलीही खूण नाही. आधी हा कोणता रंग ते ठरवायचं, मग चार नावांतून त्याचं नाव निवडायचं, मग बोलायचं. हे दोन टप्पे वाचनात टाळता येतात.

म्हणजे डोळे कमी पडतात असं नाही. मेरी पॉटर आणि बार्बरा फॉल्कनर यांनी १९७५ साली चित्रं आणि शब्द घेऊन हेच तपासलं. चित्राचं नाव सांगायला शब्द वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण ही वस्तू अमुक गटातली आहे का, एवढंच विचारलं तर चित्रं मागे पडली नाहीत, उलट किंचित पुढेच होती. म्हणजे ओळख पटकन पटते, वेळ जातो तो नावापर्यंत पोचायला.

यावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रयोग फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेस यांचा, १९६९ सालचा. त्यांनी एकच आकृती दाखवली, एक वर्तुळ. रोमन अक्षर म्हणून 'ओ' (O) वाचायला सांगितलं तर लोक लवकर बोलले, वर्तुळ म्हणून नाव सांगायला सांगितलं तर उशिरा. कागदावर शाई तीच, डोळे तेच.

देवनागरीत हा प्रयोग झकास बसतो, कारण आपल्याकडे शून्य आहे. कॉलेजच्या मुलांनी तो करावाच. एका संचात ०, ३, ५, ७ हे अंक. 'अंक वाचा' म्हणायचं. दुसऱ्या संचात गोल, त्रिकोण, चौकोन, चांदणी; 'आकार सांगा' म्हणायचं. दोन्ही संचांत गोल आकृती हुबेहूब तीच ठेवा. इथे अख्ख्या तक्त्याचा वेळ कामाचा नाही, फक्त त्या गोलाचा हवा. म्हणून एकेक स्लाइड दाखवा, स्लाइड येताक्षणी 'टिक' वाजू द्या आणि सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नंतर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या आलेखावर टिकपासून बोलण्यापर्यंतचं अंतर मोजा. 'शून्य'मधला 'श' हळूच सुरू होतो आणि आलेखावर उशिरा उठून दिसतो, 'गोल'चा 'ग' ठळक दिसतो. म्हणजे ही मोजणी 'शून्य'च्या थोडी विरोधातच आहे. तरीही 'शून्य' आधी आलं, तर निकाल जास्तच भक्कम.

सराव अगदी निकामी आहे असंही नाही. मॅक्लाउड आणि डनबर यांनी १९८८ साली अनोळखी आकारांना रंगांची नावं दिली आणि लोकांना ती घोटायला लावली. सुरुवातीला रंगच आकाराच्या नावात अडथळा आणत होता. वीस दिवसांच्या सरावानंतर उलटं होऊ लागलं, आकाराचं नाव रंगाच्या आड येऊ लागलं. कोण कुणाला अडवतो हे कोणता रस्ता किती मळलेला आहे यावर बऱ्याच अंशी ठरतं. माझा कौल असा: भांडणात कोण जिंकतं ते सराव ठरवतो, पण भांडण नसतानाही रंग मागे का पडतो, याचं उत्तर रस्त्याच्या लांबीत आहे.

पायरी ७: नागपुरात करण्यासारखे फाटे

आपल्याकडे दुकानात मराठी-हिंदी मिसळून बोलणं रोजचं आहे आणि शाळेत इंग्रजी. प्रेस्टन आणि लॅम्बर्ट (१९६९) यांच्यापासून दोन भाषांवर बरंच काम झालं आहे. शब्द आणि उत्तर एकाच भाषेत असतील तर अडथळा जास्त, दोन भाषांत असतील तर कमी. पण दोन्ही भाषा नीट येणाऱ्यांत तो पुरता जात नाही. मात्र इथे हिंदी शब्दांचा तक्ता करायला जाल तर फसाल. 'लाल' आणि 'गुलाबी' दोन्ही भाषांत तेच, आणि 'नीला' दिसायला 'निळा'च्या जवळचा. त्यापेक्षा भांडणाच्या तक्त्यावर इंग्रजी शब्द घ्या आणि उत्तर मराठीत मागा. मग आणखी एक तक्ता करा: तेच इंग्रजी शब्द, पण देवनागरीत, 'रेड', 'ब्लू', 'ग्रीन', 'पिंक'. भाषा परकी, लिपी घरची. मराठी माध्यमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे आकडे शेजारी ठेवले की प्रकल्पाला स्वतःचा प्रश्न मिळतो.

दुसरा फाटा जवळच्या शब्दांचा. क्लाइन यांनी १९६४ साली दाखवलं की अडथळा शब्दागणिक कमी-जास्त होतो. निरर्थक अक्षरांचा सगळ्यात कमी, साध्या शब्दांचा थोडा, रंगाची आठवण करून देणाऱ्या शब्दांचा त्याहून जास्त, उत्तरांत नसलेल्या रंगांच्या नावांचा आणखी, आणि उत्तरांतल्या रंगांच्या नावांचा सर्वांत जास्त. आपले शब्द आपल्याच गावचे घ्या. साध्यांमध्ये 'खुर्ची', 'रस्ता'. रंगाची आठवण देणाऱ्यांत 'संत्रं', 'हळद', 'कोळसा'. आणि उत्तरांत नसलेल्या रंगांसाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या मारबत नावाच्या पुतळ्यांवरून 'काळी' आणि 'पिवळी'. सगळे आपल्या चार शायांतच छापा.

तिसरा फाटा घरात लहान भावंड असेल तर. वाचता न येणाऱ्या मुलाला भांडणाचा तक्ता द्या. त्याला शब्द म्हणजे नुसत्या रेघोट्या, तो निवांत रंग सांगत जातो. वाचायला शिकला की अडथळा सुरू होतो, प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांत तो भरात असतो, मोठेपणी कमी होतो आणि म्हातारपणी पुन्हा वाढतो. पहिली-दुसरीतलं मूल आणि आजोबा असे दोघेही घरात सापडले तर दोघांचीही नोंद घ्या, पण मुख्य गटात मिसळू नका.

परीक्षक काय विचारतात

"पट्ट्यांऐवजी मोठे ठिपके घेतले असते तर?" असं विचारलं तर पट्टी शब्दाएवढी का ठेवली ते सांगा. "मुलींमध्ये आणि मुलांमध्ये फरक आला का?" असंही विचारतात, प्रत्येक गटात आठ-दहा जण असतील तर त्यावर काही बोलू नका, इतक्या थोड्या माणसांवरून ते ठरत नाही. "तोंडाने न बोलता जुळणाऱ्या रंगाकडे बोट दाखवायला सांगितलं तर?" हा प्रश्न आला तर समजा परीक्षक जाणकार आहेत. नाव घ्यायचंच नसेल तर शब्दाची आघाडी जाते, आणि तेव्हा शाईच शब्दाच्या आड येते. वेळ असेल तर भांडणाच्या तक्त्यासमोर चार रंगांच्या पट्ट्या मांडून तिथेच करून दाखवा: शब्द काय म्हणतो, त्या रंगावर बोट.

फलकावर सगळ्यात वर ख आणि क यांची तुलना लावा, भांडणाचा तक्ता त्याखाली. माणसांची नावं कुठेच नकोत. क्रमांक, वय, शाळेचं माध्यम आणि चार वेळ, एवढंच पुरतं.